अकरा सेकंदांचं भाडं

बावीस तारखेला रिचार्ज संपला तेव्हा
मी सरळ सांगून टाकलं,
या महिन्यापासून दुसरी कंपनी.
नव्वद रुपये स्वस्त, मराठीचे सगळे चॅनेल,
आणि ढग आले तरी चित्र फुटत नाही म्हणतात.
म्हणतात सगळेच.

हे काही बोलले नाहीत.
गच्चीत जाऊन छत्रीकडे बघून आले.

तासगावहून सर्फराज नदाफ आला,
खांद्यावर वायरचं वेटोळं, खिशात टेस्टर.
त्यानं जुना बॉक्स उलटा केला,
खालचं स्टिकर अंगठ्यानं पुसलं, म्हणाला,
"काकू, ह्यो तुमचा न्हाई.
भाड्याचा हाय. परत द्यायला लागंल."

आठ वर्षं त्याच्यावर मी क्रोशाचा रुमाल घातला.
खंडेनवमीला शिलाई मशीनसोबत
त्यालाही झेंडूचं फूल.
भाड्याचा.

"आणि वरची छत्री?"
"छत्री तुमचीच. विकतची हाय ती.
पर नव्या कंपनीला चालायची न्हाई.
त्यांचं आभाळ जरा डावीकडं हाय."

तेव्हा हे पहिल्यांदा बोलले.
"मग त्यातलं माझं?"

त्यातलं ह्यांचं म्हणजे
कुंडलच्या मैदानातले अकरा सेकंद.
बातम्यांत दाखवले होते, त्याच रात्री रेकॉर्ड केलेले.
एक पैलवान दुसऱ्याच्या छातीवर, हलगी तापलेली,
आणि मागे दोरीला टेकून, खांद्यावर टॉवेल टाकून
पलूसचे हे
जांभई देतायत.
सगळं मैदान उठून उभं, आणि हे जांभई देतायत.
आल्या-गेल्याला दाखवून झालं.
व्याह्यांना तर जेवायच्या आधीच.

सर्फराजनं मान हलवली.
"रिचार्ज बंद झाला की रेकॉर्डिंगबी बंद.
आत हाय, पर दिसत न्हाई."

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर
बत्तीस वर्षं बसलेला माणूस.
भरलेली गाडी तोलायची, मग रिकामी,
वजाबाकी केली की ऊस शेतकऱ्याचा.
बॉक्स मांडीवर घेऊन म्हणाले,
"गाडी त्यांची, कबूल.
पण ऊस उतरवून घेतल्याशिवाय
गाडी सोडतं का कुणी?"

मग मी शेवटचा रिचार्ज मारला.
एका महिन्याचा, नव्वद रुपये महाग असलेला,
नुसत्या अकरा सेकंदांसाठी.
सर्फराज चहा पीत थांबला, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.
प्रणोतीनं मोबाईल आडवा धरला,
"पप्पा, हलू नका, तुमची सावली पडतीय."
हलगी वाजली. पैलवान पडला. जांभई आली, गेली.
झालं.

बॉक्स पिशवीत घातला,
सोबत अडॅप्टर, रिमोट, रिमोटवरचं प्लॅस्टिकसुद्धा.
पावती घेतली. रुमाल मी काढून ठेवला.
नवा बॉक्स विकत घेतलाय. सतराशे रुपये.
बिघडला तर आमचा, पडला तर आमचा,
आणखी कुणाचा नाही. ह्यांनी स्टिकर दोनदा वाचून घेतलं.

जुनी छत्री अजून कठड्यावर आहे.
आग्नेयेकडं तोंड करून
कुठल्या तरी जुन्या आभाळाचं ऐकत.
भंगारवाला चाळीस म्हणतो.
हे म्हणतात, राहू दे.

परवा दुपारी मशीन थांबवून
प्रणोतीच्या मोबाईलवर ते चित्र बघत होते.
टीव्हीची काच चमकलीय, आवाज फाटलाय,
कडेला आमच्या कॅलेंडरचा कोपरा.
ह्यांनी जांभई द्यायला तोंड उघडलं
आणि त्या काळ्या कडेत, काचेत,
कुणीतरी उभं दिसलं
चहाचा ट्रे घेऊन.

मागे नेऊन परत बघितलं.
मीच होते.
कुंडलच्या मैदानात मी कधी गेले नाही,
बायका कुठं जातात तिथं.
दोरीच्या आत, पैलवानांच्या पायाशी,
चार कप घेऊन उभी.

ह्यांना अजून सांगितलं नाही.